उद्याच्या गोष्टी आणि शब्दांची सोयरीक

कवठे येमाईत चहाच्या टपरीवर घटकाभर बसावं आणि उद्याबद्दलचं बोलणं ऐकावं. कालव्याचं आवर्तन ‘सुटणार’ असतं, कांद्याचा भाव ‘चढणार’ असतो, पावसाची शक्यता ‘दाट’ असते, परीक्षा ‘तोंडावर’ आलेली असते. शक्यता कधी जाड नसते, आवर्तन कधी उघडत नाही. कोणता शब्द कोणाच्या घरात नांदतो, हे पाचवीतल्या पोरालाही न शिकवता ठाऊक असतं.

शब्दांच्या या सोयरिकीला अभ्यासक सहप्रयोग म्हणतात, इंग्रजीत कोलोकेशन. हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये टोकियोत इंग्रजी सहप्रयोगांचा अहवाल काढला, तो परक्या भाषेच्या विद्यार्थ्यांसाठीच. १९५०च्या दशकात जे. आर. फर्थ यांनी या कल्पनेला भाषाशास्त्रात मानाची जागा दिली. त्याआधी अनेक वर्षं ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. म्हणजे हा विषय आपल्या अंगणापासून फार लांबचा नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी रांजणगावच्या एमआयडीसीत मुलाखतीला बसलेला मुलगा भविष्याचा प्रश्न आला की अडखळतो. ‘शॅल’ आणि ‘विल’ त्याला तोंडपाठ असतात. अडतं ते जोड्यांपाशी. आपली ‘दाट शक्यता’ इंग्रजीत ‘स्ट्राँग पॉसिबिलिटी’ होते. तिथे ‘थिक’ चालत नाही. तोंडावर आलेली परीक्षा तिकडे ‘अराउंड द कॉर्नर’, म्हणजे वळणापलीकडे उभी असते.

‘वाट पाहणं’ तर फारच शिकवून जातं. आपण एसटीचीही वाट पाहतो आणि येमाईच्या यात्रेचीही. इंग्रजी दोन्हींना एका दावणीला बांधत नाही. एसटीसाठी ‘वेट फॉर’, यात्रेसाठी ‘लुक फॉरवर्ड टू’, कारण त्यात आतुरता आणि आनंद आहे. या ‘टू’पुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ येतं. अर्ज लिहिणारे अनेक जण इथेच चुकतात.

उलट काही ठिकाणी मराठीच बारकाईनं वाटणी करते. भविष्य पाहिलं, सांगितलं, वर्तवलं जातं. ‘घडवणं’ मात्र भवितव्याला जास्त शोभतं. इंग्रजीत ‘प्रेडिक्ट’ आणि ‘शेप’ ही दोन्ही क्रियापदं एकट्या ‘फ्यूचर’ला लागतात. ‘एसटी येईल’ आणि ‘एसटी येणार आहे’ यांतलं अंतर स्टँडवर ताटकळलेल्या माणसाला कुणी समजावून द्यावं लागत नाही. मुलांची ही जाण वर्गाच्या दाराबाहेर ठेवून इंग्रजी शिकवणं मला चुकीचं वाटतं. सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी.

म्हणून या विषयात पाऊल टाकणाऱ्यांना एकच विनंती. एक वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे घरात ऐकलेली जोडी लिहा, उजवीकडे तिची इंग्रजी जोडी. पहिली नोंद मीच देतो: आवर्तन सुटतं, वॉटर इज रिलीज्ड. दुसरी तुम्ही शोधा.