टर्बोपेक्षा नळ्याच महाग

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या इंजिनाची ताकद वाढवून घेण्याची हौस मोठी आहे. डॉज कंपनीने १९८९ च्या मॉडेलपासून रॅम पिकअपसाठी कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन उपलब्ध केले आणि या हौसेला हक्काचे इंजिन लाभले. मूळच्या टर्बोच्या जोडीला आणखी एक मोठा टर्बो बसविणे, हा त्यातील खर्चिक प्रकार. मोठ्या टर्बोने दाबलेली हवा लहान टर्बो आणखी दाबतो.

टर्बो बाजारात तयार मिळतो. बॉनेटखालच्या अडचणीच्या जागेत नेमक्या बसतील अशा नळ्या मिळतीलच असे नाही. मग प्रत्येक वळण मापाने कापायचे, टाका मारून जागेवर बसवून पाहायचे, पुन्हा काढायचे आणि त्यानंतरच पक्के वेल्डिंग करायचे. टर्बोत दाबाने येणारे ऑइल परतताना केवळ उताराने वाहते. उतार चुकला की ते सीलमधून गळू लागते. साहजिकच बिलात कारागिराचे तास अनेकदा सुट्या भागांपेक्षा जड ठरतात.

काटकसर करायची तर ती वेल्डिंगमध्ये नव्हे. शेकडो अंश तापणाऱ्या धुराच्या नळ्या सतत प्रसरण-आकुंचन पावतात आणि कच्चा जोड तडकतो. त्यातून सुटलेला धातूचा कण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या टर्बाइनवर आदळला, तर पाती मोडतात आणि नवा टर्बो घेण्याची वेळ येते. शिवाय या कामासाठी प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकणे तेथील केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे.