अमेरिकेच्या दक्षिणेची पंगत



आपल्याकडे ‘दक्षिण’ म्हटले की कृष्णा-कावेरीचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. व्हर्जिनिया, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इत्यादी ज्या राज्यांनी गुलामगिरी टिकविण्यासाठी १८६०-६१ साली संघराज्याशी फारकत घेतली आणि चार वर्षांच्या यादवी युद्धात हार खाल्ली, त्या प्रदेशाला तेथे ‘दक्षिण’ म्हणतात. या दक्षिणेचे आगतस्वागत जगात नावाजलेले आहे. अनोळखी माणसालाही जेवू घातल्यावाचून जाऊ द्यावयाचे नाही, हा तेथील कुलाचार. परंतु पंगतीचा इतिहास केवळ यजमानाच्या तोंडून ऐकला तर तो अर्धाच कळतो. चुलीपाशी कोण होते आणि दाराबाहेर कोण उभे होते, हेही विचारावे लागते.

या आतिथ्याचे थाटाचे दर्शन शरद ऋतूतील शनिवारी, फुटबॉलच्या सामन्याआधी घडते. हा फुटबॉल आपला नव्हे. अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत धावण्याचा तो खेळ आहे. महाविद्यालयांमधील त्याचा पहिला सामना १८६९ साली उत्तरेकडील न्यू जर्सीत झाला. पण पुढे दक्षिणेने तो उराशी धरला. १ जानेवारी १९२६ रोजी अलाबामाच्या संघाने कॅलिफोर्नियात वॉशिंग्टनच्या संघावर २० विरुद्ध १९ अशी मात केली, तेव्हा युद्धात हरलेल्या मुलखाला गेलेली अब्रू परत मिळाल्यासारखे वाटले.

सामन्यापूर्वी मोटारीची मागची फळी खाली पाडून तिच्यावर फराळ मांडावयाचा, म्हणून या वनभोजनाला ‘टेलगेट’ असे नाव पडले. ऑक्सफर्ड गावी मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात ‘ग्रोव्ह’ नावाची सुमारे दहा एकरांची वनराई आहे. सामन्याच्या दिवशी तेथे तंबूंचे गावच वसते. टेबलांवर पांढरेशुभ्र कापड, चांदीची भांडी, कित्येक तंबूंत झुंबरेदेखील! तळलेली कोंबडी, बलक मोहरीसह घोटून पुन्हा भरलेली अंडी, धुराच्या मंद आचेवर तासन्‌तास शिजविलेले डुकराचे मांस, असे पदार्थ येणाऱ्याजाणाऱ्यापुढे केले जातात. प्यावयास मक्यापासून काढलेली बर्बन व्हिस्की, नाहीतर बर्फ घातलेला गोड चहा. या चहाची कृती व्हर्जिनियातील १८७९ सालच्या एका पाकपुस्तकात आढळते. ती हिरव्या चहाची आहे. दुसऱ्या महायुद्धात चीन-जपानकडील हिरवा चहा बंद पडला आणि त्याची जागा बऱ्याच अंशी भारतातून जाणाऱ्या काळ्या चहाने घेतली.

आता चुलीपाशी वळू. ‘गंबो’ नावाचा तेथील प्रसिद्ध रस्सा भेंडीच्या आफ्रिकी नावाने ओळखला जातो. नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून खाल्ली जाणारी चवळी मूळची आफ्रिकेची. हे जिन्नस आणि ते रांधणारे हात गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत आले. मळेवाल्यांच्या घरी पाहुण्यांची जी सरबराई होई, तिचे श्रम गुलामांचे आणि कीर्ती मालकाची. थॉमस जेफर्सन यांनी जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामास १७८४ साली पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकविली. पुढे १७९६ साली त्यास मुक्त केले. पण आपल्या जागी दुसरा स्वयंपाकी तयार करून देण्याची अट पूर्ण करवून घेतल्यानंतरच. त्याने आपल्या भावास शिकविले. मनुष्य सुटला, स्वयंपाकघर मात्र गुलामाच्याच हाती राहिले.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पंक्तिप्रपंच संपला नाही. २९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन शहरात मिसिसिपी विद्यापीठाचा सामना चालू होता. मध्यंतरात राज्यपाल रॉस बार्नेट मैदानात उतरले आणि मिसिसिपीवर, तेथील लोकांवर आणि तेथील रूढींवर आपले प्रेम असल्याचे त्यांनी गर्जून सांगितले. रूढी म्हणजे काय, ते सर्वांना कळत होते. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास न्यायालयाच्या आज्ञेने विद्यापीठात प्रवेश मिळावयाचा होता. दुसऱ्याच रात्री ग्रोव्हला लागून असलेल्या लायसियम इमारतीसमोर दंगल उसळली. दोन माणसे प्राणास मुकली. त्यांतील एक पॉल गिहार, फ्रेंच वार्ताहर. जेथे आज पाहुण्यांची सरबराई चालते, त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर एक परदेशी पाहुणा गोळी लागून पडला, हे विसरता येत नाही.

मेरेडिथ यांनी १ ऑक्टोबर रोजी नाव दाखल केले. ते भोजनगृहात शिरले की जेवणारे विद्यार्थी पाठ फिरवीत. ते एखाद्या टेबलाशी बसले की बाकीचे ताटे उचलून दुसरीकडे जात. त्या दिवसांत इतिहासाचे प्राध्यापक जेम्स सिल्व्हर त्यांच्यासमवेत उघडपणे जेवावयास बसले. त्याबद्दल सिल्व्हर यांना पुष्कळांचा रोष सोसावा लागला.

बर्मिंगहॅममधील ‘ऑलीज बार्बेक्यू’ या खानावळीत २२० जणांची बसण्याची सोय होती. तेथील नोकरांपैकी दोनतृतीयांश कृष्णवर्णीय होते. मात्र कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने अन्न बांधून घेऊन बाहेर जावे, असा रिवाज होता. १९६४ सालच्या नागरी हक्कांच्या कायद्याने हा भेद निषिद्ध ठरविला, तेव्हा मालक न्यायालयात गेले. खानावळीचे पुष्कळसे मांस परराज्यातून येते, म्हणून आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली हा कायदा तिला लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने दिला. आतिथ्यधर्माला जे साधले नव्हते, ते शेवटी मांसाच्या हिशेबाने साधले.

हे ऐकून आपण परक्यांना हसावे, अशी आपली स्थिती नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केले, ते आपल्याकडील पंक्तिप्रपंच डोळ्यांपुढे ठेवूनच. आम्हा ख्रिस्ती लोकांनीही मान ताठ ठेवण्याचे कारण नाही. गोव्यात चर्चच्या उत्सवांचा मान सांभाळणाऱ्या काही बंधुमंडळांची सभासदी पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आली. जो परतफेड करू शकणार नाही त्यालाच मेजवानीस बोलवा, ही प्रभू येशूची शिकवण लूकच्या शुभवर्तमानात आहे. ते शुभवर्तमान मिसिसिपीतही वाचले जात होते आणि गोव्यातही.

१९७२ साली बेन विल्यम्स हा कृष्णवर्णीय खेळाडू मिसिसिपी विद्यापीठाच्या संघातून मैदानात उतरला. २००६ साली त्याच आवारात मेरेडिथ यांचा पुतळा उभारला गेला. ग्रोव्हमधील पाहुणचार आजही चालू आहे आणि तो मनापासूनचा आहे, यात शंका नाही. कोणत्याही प्रांताच्या आतिथ्याची थोरवी गाताना मात्र पानातील पदार्थ मोजून थांबू नये. भोजनगृहात एकट्या मेरेडिथसमोर आपले ताट घेऊन बसणारा तो इतिहासाचा शिक्षकही त्या थोरवीत धरावा.