पडद्यावरील करुण रस

चित्रपट संपून दिवे लागले की प्रेक्षागृहात एक मौजेचे दृश्य पाहावयास मिळते. पुरुषमंडळी घाईघाईने चष्मा पुसू लागतात, कोणाच्या डोळ्यांत नेमका त्याच वेळी कण जातो, आणि बायका मात्र उघडपणे डोळ्यांना पदर लावून बाहेर पडतात. पदरचे पैसे खर्चून तिकीट काढावयाचे आणि रडून घरी यावयाचे, हा व्यवहार हिशेबी पुणेकराला शोभणारा नव्हे. तरी तो पिढ्यान् पिढ्या हौसेने करीत आला आहे. भवभूतीने करुण हाच सर्व रसांचा मूळ रस मानला, तो काही उगाच नव्हे! परंतु या रसाचा आपल्या पडद्यावरील इतिहास पाहू लागले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. आपले काळीज हलवून सोडणाऱ्या प्रसंगांत पात्रे स्वतः फारशी रडत नाहीत. ते काम त्यांनी आपल्यावर सोपविलेले असते.

या कलेचा एक उगम कोल्हापुरात आहे. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट कर्जापायी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याचा होता आणि त्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांताराम यांनी केली होती. मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाही. पण ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या स्मरणात एक दृश्य कायमचे राहिले : अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे. माणूस नाही, शब्द नाही, आवाज तर नाहीच. आणि तरीही त्या घरावर काय ओढवले आहे, हे सांगावयाचे काही शिल्लक राहिले नाही.

पेंटरांच्या याच तालमीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ साली 'प्रभात'ची स्थापना केली. त्यांचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला. विषय हरिश्चंद्राचा, म्हणजे १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी निवडला होता तोच. या कथेतील स्मशानाचा प्रसंग कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही? आई मृत मुलाला घेऊन येते आणि धन्याच्या आज्ञेने बांधलेला बाप आपल्याच मुलाच्या दहनाचे शुल्क मागतो. रडण्याचा अधिकारही ज्याने गमावला, त्याचे ते दुःख आहे. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या रूपाने ते मराठी पडद्यावर प्रथमच बोलू लागले.

१९३३ साली 'प्रभात' पुण्यास आली आणि एरंडवण्याच्या माळावर तिचा स्टुडिओ उभा राहिला. येथेच १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' निर्माण केला. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबांपुढे आपण हात जोडतो, हे खरे. पण डोळे भरून येतात ते गौरीबाईंनी साकारलेल्या जिजाईसाठी. तुकोबा वैकुंठाला निघतात, आणि आयुष्यभर भांडून, रागावून, पण चूल पेटती ठेवून ज्या बाईने त्यांना सांभाळले, ती मुलाबाळांसह मागे राहते. एकाला मोक्ष मिळाला, दुसरीच्या वाट्याला संसार आला. या दोहोंत थोर कोण, याचा निवाडा चित्रपट करीत नाही आणि म्हणूनच ते विमान दिसेनासे झाल्यावरही आपले मन देहूतच घुटमळत राहते.

त्यानंतर १९३७ साली आला 'कुंकू'. हाही ना. ह. आपट्यांच्याच कथानकावरचा. देवलांच्या 'शारदा' नाटकात १८९९ साली म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न ऐनवेळी मोडले होते. येथे ते लागून जाते, आणि शांता आपटे यांची नीरा त्या लग्नाला पत्नी म्हणून मान तुकवावयास साफ नकार देते. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार घेतला नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचे जुने घड्याळ जणू काकासाहेबांच्या वयाचाच हिशेब ठेवीत असते. शेवटी काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो. ते नीरेला बंधनातून मोकळी करणारे पत्र मागे ठेवतात आणि जीवनयात्रा संपवितात. नीरेचा पक्ष घेऊन आलेला प्रेक्षक केशवराव दाते यांच्या त्या वृद्धासाठी हळहळत बाहेर पडतो. मात्र नीरेचे चुकले, असे त्याला क्षणभरही वाटत नाही. अन्यायाचा तिटकारा राहावा आणि अन्याय करणाऱ्याबद्दल कणव यावी, ही किमया व्याख्यानाने साधत नाही.

आणि आता १९४१ सालचा 'शेजारी'. विश्राम बेडेकरांच्या या कथेत एका गावातले पाटील आणि मिर्झा हे जिवलग मित्र. धरण बांधू पाहणाऱ्याच्या स्वार्थापायी त्यांच्यांत वितुष्ट येते आणि अखेर धरण फुटते, तेव्हा त्या जलप्रलयात दोघे हातात हात घालून मृत्यूला सामोरे जातात. पाटील झाले होते केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकुराची भूमिका मजहर खान यांना दिली होती आणि मिर्झा तेथेही जागीरदारच होते.

सहाच वर्षांनी, १९४७ साली, देशाचे धरण खरोखरच फुटले. मग मनात प्रश्न येतो : त्या अंधारात बसून गाळलेली आसवे वाया गेली काय? मला वाटते, असा हिशेब आसवांकडे मागणेच गैर आहे. चित्रपट लोंढा अडवू शकत नाही. पण त्या दोन हातांसाठी जो एकदा रडला, त्याला पुढे 'शेजारी म्हणजे काय, हे मला कोणी सांगितलेच नव्हते' असे म्हणण्याची सोय उरत नाही. करुण रसाचे काम इतकेच, आणि ते थोडे नव्हे.

'प्रभात' १९५३ साली बंद पडली. १९६० साली तिच्या जागेवर चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था उभी राहिली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आज हे बोलपट घरबसल्या पाहता येतात. एखाद्या संध्याकाळी मुलानातवंडांना जवळ घेऊन 'शेजारी' अवश्य पाहावा. आणि दिवे लागल्यावर डोळ्यांत कण गेल्याची सबब मात्र सांगू नये.