परवचा

पुतण्याचा मुलगा दौंडला असतो. रांजणगावच्या एका कारखान्यात संगणक विभागात नोकरी. गेल्या वर्षी तो सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, नापास झाला. फी तीनशे डॉलर. घरात आठवडाभर कोणी धड बोललं नाही.

नंतर तो शिरूरला माझ्याकडे आला तेव्हा विचारलं, "अभ्यास कसा केलास रे?"

"आजोबा, पुस्तक तीनदा वाचलं. सगळे व्हिडिओ पाहिले." पुस्तक दाखवलं. पानन्‌पान पिवळ्या पेनानं रंगवलेलं.

"आणि पुस्तक मिटून कधी म्हणून पाहिलंस?"

तो गप्प.

माझ्या वयाच्या वाचकांना परवचा आठवत असेल. तिन्हीसांजेला दिवा लागला की हातपाय धुऊन बसायचं आणि पाढे, तिथी, नक्षत्रं मोठ्यानं म्हणायची. माझे वडील घोडनदीच्या (आम्ही जुनी माणसं शिरूरला अजून तेच म्हणतो) बाजारात मुनीम. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि पावकी, निमकी, दीडकीची गरज सरली. आमच्या ओट्यावर मात्र ती चालूच राहिली. पंतोजींच्या शाळांपासून चालत आलेला हिशेब तो. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

पुढे मी मराठी घेऊन बीए झालो, दौंडला शिक्षक झालो आणि फार आधुनिक झालो. पालकांना सांगायचो, पाठांतर म्हणजे पोपटपंची, मुलांना समजू द्या. माझं ऐकून काही घरांतला परवचा बंद पडला. हा मुलगा त्यातल्याच एका घरातला.

समजण्यात तो कमी नव्हता. १८७८ ला मनमाडचा फाटा निघाल्यापासून दौंड जंक्शन आहे. तिथल्या पोराला राऊटर काय शिकवायचा? कुठली गाडी कुठल्या रुळावर, एवढंच तर. अडला तो सबनेटच्या आकड्यांत. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, आणि पुढे गेलेला प्रश्न परत उघडत नाही. त्यानं मला पद्धत समजावली तेव्हा मी हसलोच. २५६ पत्त्यांचे चार भाग, प्रत्येकी ६४, मास्क १९२. अरे, ही तर पावकी! सोळा भाग केले तर सोळा-सोळा पत्ते, मास्क २४०; त्यातला पहिला आणि शेवटचा वापरायचा नाही, म्हणून चौदा.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. आमच्या वडिलांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं, मग आता अठ्ठावीसचा पाढा म्हण.

असो. आता रोज संध्याकाळी सातला दौंडहून फोन येतो. पुस्तक मिटलेलं. मी कागद घेऊन बसतो, कारण उत्तरं मलाही येत नाहीत. चुकलेलं दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, पुन्हा विचारतो. मग तो एकटा संगणकावर खोटं नेटवर्क जोडत बसतो, ते माझ्या आवाक्यातलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. काल विचारलं, आठ भाग केले तर? "बत्तीस-बत्तीस, मास्क २४०," म्हणाला. २२४ हवं होतं. आज पुन्हा विचारणार आहे.