डावा ब्रेक, उजवा ब्रेक

गेल्या जुलैत बाळकुम नाक्याच्या अलीकडे माझी गाडी अडकली. प्रसंग तसा मामुली. रस्त्याकडेला कुणीतरी चारी खणून नुसत्या मातीने बुजवली होती, तिच्यात पुढचं डावं चाक उतरलं. उजवं चाक चांगल्या खडबडीत डांबरावर होतं. मागच्या सीटवर आई. तिची डायलिसिसची वेळ चारची, आणि एकदा खुर्ची हुकली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नसतो. मी ॲक्सिलरेटर दाबला. डावं चाक भिरभिरलं, चिखल काचेपर्यंत उडाला आणि उजवं चाक ढिम्म. ज्या चाकाला पकड होती तेच काम करत नव्हतं, याचाच जास्त राग आला.

जवळच्या गॅरेजातले काका आले. ते मूळचे मुरबाडकडचे. वाकून बघितलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर असता ना, तर नुसता डावा ब्रेक दाबून काढला असता." मग गोणपाट आणि दोन पेव्हर ब्लॉक चाकाखाली सारून त्यांनी गाडी बाहेर काढली. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोहोचलो; सिस्टरनी खुर्ची धरून ठेवली होती.

पण तो डावा ब्रेक डोक्यातून जाईना. अडकलेली गाडी ब्रेक दाबून कशी निघेल?

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. ओढायचं काम बैलांचं, चाकं आसावर मोकळी. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कुणाचं काही अडत नाही. शाळेच्या संचलनात वळणावर आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा जवळजवळ धावतो, तसंच. इंजिनाने चाकं फिरवायची म्हटल्यावर मात्र पंचाईत झाली. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळणावर एक तरी फरफटणार. यावर १८२०च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक जुळणी काढली. तेच डिफरन्शियल. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण पीळ, म्हणजे टॉर्क, दोघांना सारखाच वाटतं.

गोम या 'सारखाच'मध्ये आहे. सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. चिखलातलं चाक फिरवायला जेमतेम पीळ लागतो, आणि डिफरन्शियल समतावादी असल्यामुळे डांबरावरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम पीळ मिळतो. तेवढ्याने गाडी हलत नाही.

आता काकांचा ट्रॅक्टर. त्याच्या मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. रस्त्यावर ती एकत्र अडकवतात, शेतात मोकळी सोडतात. घसरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबला की ते चाक फिरवायला इंजिनाला जोर लावावा लागतो, आणि वाटणी सारखी असल्याने तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. आपण त्या जुळणीला चक्क फसवतो. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरांना डिफ लॉकचंही पेडल असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. म्हणजे मोटारींच्या जगात पुढे जो वाद रंगला, त्याच्या दोन्ही बाजू एकाच ट्रॅक्टरवर शेजारी शेजारी बसल्या होत्या.

यांत्रिक बाजू आधी मोटारीत आली. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या राक्षसी ताकदीच्या रेसिंग गाड्यांची चाकं नुसतीच फिरत राहायची. फर्डिनांड पोर्शेंनी झेडएफ कंपनीकडून त्यावर मर्यादित घसरणीचं, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल करून घेतलं. १९५८मध्ये अमेरिकेत व्हर्नन ग्लीसमन यांनी टॉर्सनचं पेटंट घेतलं. त्यात क्लच नाही, संगणक नाही, फक्त दातेरी चाकांचं घर्षण. पकड असलेल्या चाकाला ते घसरणाऱ्याच्या काही पट पीळ देतं. फक्त एक चाक पूर्ण हवेत लटकलं तर शून्याची कितीही पट शून्यच.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत हे बसवणं आणखी अवघड, कारण तीच चाकं वळवतातही. डिफरन्शियल करकचून बांधलं की स्टिअरिंग हाताला हिसके देऊ लागतं. तरी १९९५च्या होंडा इंटेग्रा टाइप आरने दातेरी लिमिटेड स्लिप वापरून दाखवलं की पुढून ओढणारी गाडीही वळणावर अशी धावू शकते. ते डिफरन्शियल चाक घसरायची वाट बघत नाही, ही त्याची खरी श्रीमंती.

इलेक्ट्रॉनिक बाजू मात्र मागच्या दाराने आली. १९७८मध्ये बॉश आणि मर्सिडीजने एबीएस आणलं, तेव्हा चाकांचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत आले. कुठलं चाक जास्त फिरतंय हे एकदा गाडीला कळलं, की त्याचा तेवढा ब्रेक दाबायला थोडे जास्त व्हॉल्व्ह आणि प्रोग्रॅम पुरे. ऐंशीच्या दशकात ट्रॅक्शन कंट्रोल आलं, १९९५मध्ये ईएसपी. १९९७मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत उलटली आणि कंपनीला त्या गाडीत ईएसपी सरसकट द्यावं लागलं. महागड्या गाड्यांची चैन छोट्या गाडीत उतरली ती अशी, नामुष्कीमुळे.

आपल्याकडे? कुर्ल्याची पद्मिनी मागची चाकं फिरवायची. १९८३च्या मारुती ८००ने पुढून ओढणारी गाडी घराघरांत नेली. नव्वदच्या दशकात बाळकुमपासून फार लांब नाही अशा कल्याण-डोंबिवलीत प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनत होती. तीही पुढून ओढणारी, तीही साध्या डिफरन्शियलची. दशक संपायच्या आत ती बंद पडली. यांत्रिक लिमिटेड स्लिप आपल्या सामान्य गाड्यांत फारसं आलंच नाही. तशा पद्धतीचं, संगणकाने आवळलं जाणारं डिफरन्शियल २०२०च्या ऑक्टाव्हिया आरएस २४५मध्ये मिळालं, तेही मोजक्या लोकांना. उलट ब्रेकवाली युक्ती हळूच सगळीकडे शिरली. चाकणला बनणाऱ्या २०२१च्या कुशाकमध्ये ईएससी सगळ्या व्हेरिएंटमध्ये होतं. २०२३च्या भारत एनकॅपमध्ये तर त्याशिवाय तीन स्टारही मिळत नाहीत.

ब्रेकची पद्धत मला फार सुंदर वाटत नाही. ती आधी जोर लावते आणि मग तोच उष्णतेत घालवते. लांबच्या चढावर ब्रेक तापले की ती माघारही घेते. ट्रॅकवर मला विचाराल तर मी डोळे मिटून दातेरी चाकं घेईन. पण बाळकुमला ट्रॅक नाही, बुजवलेल्या चाऱ्या आहेत, आणि आईला चारला पोहोचायचं असतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्या गाडीत एबीएस आधीच आहे तिला हे शिकवायला फार थोडं लागतं, तरी ते कित्येक वर्षं सनरूफच्या रांगेत बसवून वरच्या व्हेरिएंटमध्ये विकलं गेलं. माझी जुनी गाडी घेताना सेल्समन म्हणाला होता, "सर, ते कोण वापरतं?" मीही मान डोलावली होती.

दिवाळीत गाडी बदलली. पहिली फेरी काकांना शेजारी बसवून, मुद्दाम त्याच कडेने मारली. डावं चाक चिखलात गेलं, क्षणभर फिरलं, मग खालून कर्रकर्र असा आवाज आला आणि गाडी सावकाश डांबरावर चढली. काका वाकून माझ्या पायांकडे बघत होते.

"तू तर ब्रेकला हात पण नाही लावला," ते म्हणाले. "मग डावा कोणी दाबला?"