सत्तावीस मजल्यांचें वसतिगृह

२३ जून १९९१ हा रविवार होता. त्या दिवशीं सकाळीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो ह्या संस्थानांत, सिनसिनाटी शहरीं, विद्यापीठाच्या आवारांतील एक सत्तावीस मजल्यांची इमारत सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यांत आली. इमारतीचें नांव सँडर हॉल. ती कांहीं जीर्ण झालेली नव्हती. १९७१ सालीं ती प्रथम उघडली, म्हणजे तिचें वय अवघें वीस वर्षांचें. आणि त्या वीस वर्षांतलींही शेवटचीं नऊ ती रिकामीच उभी होती. सुमारें तेराशें विद्यार्थ्यांनीं राहावें म्हणून बांधलेलें हें वसतिगृह अकरा वर्षें वापरून विद्यापीठानें १९८२ सालीं त्याला कुलूप ठोकलें. एवढ्या हौसेनें उभारलेली वास्तु तिच्या धन्यालाच नकोशी झाली, ह्याचा दोष एखाद्या गवंड्याच्या माथीं मारण्याजोगा नाहीं. चुकली होती ती एक कल्पना, आणि ती कल्पना एकट्या सिनसिनाटीची नव्हती.

दुसरें महायुद्ध संपत आलें असतां, १९४४ सालीं, अमेरिकन सरकारनें रणांगणावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याचा कायदा केला. त्याचा लाभ घेऊन सुमारें २२ लक्ष माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. ती लाट ओसरते न ओसरते तोंच युद्धोत्तर काळांत जन्मलेलीं मुलें वयांत आलीं. १९४० च्या सुमारास त्या देशांत महाविद्यालयीन विद्यार्थी १५ लक्ष होते. १९५९ सालीं ते ३६ लक्ष झाले. १९७० सालीं हा आंकडा ८५ लक्षांवर गेला. एवढ्या तरुणांना निजवावयाचें कोठें? १९५० च्या गृहनिर्माण कायद्यानें मध्यवर्ती सरकार विद्यापीठांना वसतिगृहांसाठीं अल्प व्याजाचीं व दीर्घ मुदतीचीं कर्जें देऊं लागलें. योजना चांगलीच होती. पण कर्ज फेडावयाचें तें खोल्यांच्या भाड्यांतून. त्यामुळें आराखडा पुढें आला कीं पहिला प्रश्न निघे तो खाटांचा. दोन खाटा, दोन टेबलें आणि दोन कपाटें कशीबशी मावतील अशी एक खोली; तशा खोल्या लांब बोळाच्या दोन्ही अंगांना; सर्वांत मिळून एक न्हाणीघर; आणि असा एक मजला तयार झाला कीं त्याच्या डोक्यावर तसलाच दुसरा. चौघांनीं बसून गप्पा माराव्या अशा जागेचें भाडें येत नाहीं, म्हणून ती जागा आराखड्यांत आकसत जाई. बर्कली येथील विद्यापीठाच्या नव्या वसतिगृहांची पाहणी करून सिम व्हॅन डर रिन व मरे सिल्व्हरस्टीन ह्यांनीं १९६७ सालीं ती प्रसिद्ध केली. दोघांच्या ह्या ठराविक खोलींत विद्यार्थ्याला एकांत लाभत नाहीं, हा दोष त्यांनीं त्याच वेळीं दाखवून दिला होता. परंतु तोंवर देशभर पाये खणून झाले होते.

उंच बांधण्याचें कारण जमिनीची टंचाई हें सांगण्यांत येई. शहराच्या मध्यभागीं असलेल्या सिनसिनाटीच्या विद्यापीठाला तें शोभलें तरी; पण मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ ज्या अॅमहर्स्ट गांवीं आहे त्याच्या आसपास शेतेंच शेतें, आणि तेथेंही ह्यू स्टबिन्स ह्या शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें बावीस-बावीस मजल्यांचे पांच मनोरे उभे राहिले. जमिनीपेक्षां त्या दशकाच्या मनाला उंचीचेंच वेड अधिक होतें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. सँडर हॉलचे शिल्पज्ञ वुडी गार्बर हे तर नाणावलेले गृहस्थ. १९५५ सालीं उघडलेलें सिनसिनाटीचें मुख्य सार्वजनिक ग्रंथालय त्यांचेंच. कांच आणि उजेड ह्यांवर त्यांची निष्ठा होती, आणि विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं उभारला तोही कांचेचाच मनोरा.

दुरून पाहणाऱ्याला असा मनोरा रमणीय दिसतो. पण राहणाऱ्याची पहिली गांठ पडते ती लिफ्टशीं. सामान्य बिऱ्हाडांच्या इमारतींत कोणी सातला बाहेर पडतो, कोणी दहाला. विद्यापीठांत तासाची वेळ सर्वांची एकच. त्यामुळें सकाळीं सर्व मजल्यांवरचीं बटणें एकदमच दाबलीं जातात, आणि वरून भरून आलेली लिफ्ट मधल्या मजल्यांवर दार उघडून तसेंच मिटून खालीं निघून जाते. त्याहून मोठा तोटा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जिन्यावर माणसें भेटतात, थांबतात, एकमेकांना वाट देतात. लिफ्टमध्यें तीं दाराकडे तोंड करून उभीं राहतात. अकराव्या मजल्यावरचा मुलगा आणि बाराव्या मजल्यावरचा मुलगा ह्यांच्यामध्यें जेमतेम एका छताचें अंतर. पण वर्षभरांत त्यांची तोंडओळख होईलच असा भरंवसा नाहीं. मजल्यांची गांवें होतात, आणि गांवांना जोडणारा रस्ता नसतो.

जेथें ओळख नाहीं तेथें राखणही नाहीं. न्यूयॉर्क शहरांतील सरकारी घरांचा अभ्यास करून ऑस्कर न्यूमन ह्यांनीं १९७२ सालीं हेंच दाखविलें: इमारत जसजशी उंच, तसतसे तिच्या सामाईक जागांतील गुन्हे अधिक, कारण शेंकडों कुटुंबांत वांटलेला बोळ हा कोणाचाच बोळ नसतो. विद्यार्थ्यांच्या मनोऱ्यांत हीच गोष्ट फुटलेल्या दिव्यांच्या आणि मोडलेल्या दारांच्या रूपानें दिसूं लागली. परंतु दिवा पुन्हा बसवितां येतो. सँडर हॉलला जें खरोखर भोंवलें तें आगीच्या घंटेचें प्रकरण.

अशा इमारतींत जागोजाग भिंतीवर आगीची सूचना देण्याचे खटके असतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या, घरापासून प्रथमच दूर आलेल्या हजारभर मुलांत एखादा वात्रट निघावयाचाच. त्यानें मध्यरात्रीं खटका ओढला, कीं हजारों पायऱ्यांवर झोपमोड झालेल्या पावलांची रांग लागे. वीस-बावीस मजले उतरून, निजावयाच्या कपड्यांनिशीं बाहेरच्या थंडींत उभें राहावयाचें; आगीचे बंब यावयाचे, जवानांनीं तपास करावयाचा, आणि कांहीं नाहीं असें कळल्यावर लिफ्टपाशीं पुन्हा ताटकळत राहावयाचें. दोन मजली घरांत अशी चेष्टा करणारा दुसऱ्या दिवशीं सांपडतो. त्याचे सोबतीच त्याला धरतात. तेराशें अनोळखी माणसांत तो कसा सांपडावा? आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हा घंटा. लांडगा आला रे आला, ही गोष्ट मुलें लहानपणींच ऐकतात; पण तींतल्या गांवकऱ्यांवर ती पाळी आली तशी ह्या मुलांवरही आली. घंटा वाजली तरी उशी कानावर ओढून पडून राहावें, ही संवय जडली.

ह्या ठिकाणीं उंचीचा प्रश्न गैरसोयीचा राहत नाहीं, प्राणांचा होतो. शंभर फुटांची शिडी सात-आठ मजल्यांपलीकडे पोहोंचत नाहीं. आग लागली असतां लिफ्ट वापरणें धोक्याचें. तेव्हां वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा सारा भरंवसा दोनच गोष्टींवर: जिना आणि घंटा. घंटेवरचा विश्वास उडाला म्हणजे जिना असून नसल्यासारखा. आणि सँडर हॉलमध्यें प्रत्येक घंटा खोटी नव्हती. खोडसाळपणानें लावलेल्या खऱ्या आगीही तेथें लागल्या. खोट्या घंटा आणि खऱ्या आगी एकाच छपराखालीं नांदूं लागल्यावर विद्यापीठाच्या चालकांना रात्रीं सुखाची झोंप लागणें शक्यच नव्हतें.

हा केवळ एका गांवच्या मुलांचा उनाडपणा होता काय? त्या काळांतल्या मानसशास्त्रज्ञांनीं ह्या प्रश्नाचा मोठ्या चिकाटीनें पाठपुरावा केला, आणि त्यांचे प्रयोग ऐकण्याजोगे आहेत. लेनर्ड बिकमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं पत्ता लिहिलेलीं, तिकिट लावलेलीं पाकिटें निरनिराळ्या वसतिगृहांत अशा बेतानें टाकलीं, कीं तीं कोणाच्या तरी हातून पडलीं असावीं असें वाटावें. तीं उचलून पेटींत टाकण्याचे कष्ट कोण घेतो, एवढेंच पाहावयाचें होतें. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: लहान, विरळ वस्तीच्या वसतिगृहांतून शंभरांपैकीं शंभर पत्रें पोहोंचलीं, मध्यम वसतिगृहांतून ८७, दाट वस्तीच्या उंच वसतिगृहांतून ६३. मुलें एकाच वयाचीं, एकाच प्रकारच्या घरांतून आलेलीं. टेक्ससमध्यें चार्ल्स होलाहन ह्यांनीं १९७८ सालीं असें दाखविलें, कीं एकाच उंच वसतिगृहांत खालच्या मजल्यांवरच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतले मित्र अधिक आणि वरच्यांना कमी.

सर्वांत उद्बोधक प्रयोग अँड्र्यू बॉम व स्टुअर्ट व्हॅलिन्स ह्यांचा. १९७७ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठांत कांहीं विद्यार्थी लांब बोळांच्या वसतिगृहांत राहत. तेथें चौतीस जणांत एक बोळ, एक न्हाणीघर आणि एक बैठक. दुसरे चार-सहा जणांच्या छोट्या बिऱ्हाडांत राहत. माणशीं जागा दोहोंकडे जवळजवळ सारखीच. तरी बोळांतल्या मुलांना गर्दी असह्य वाटे, आणि त्यांना परक्या व्यक्तीबरोबर वाट पाहत बसविलें तर तीं दूरची खुर्ची निवडीत. जो दिवसभर नको असतां भेटतो त्याला टाळण्याची संवय लागते, आणि ती संवय घरीं ठेवून येतां येत नाहीं. पुढें १९८० सालीं बॉम व डेव्हिस ह्यांनीं सुमारें चाळीस जणांच्या एका लांब बोळाच्या मध्यावरच्या तीन खोल्यांची बैठक करून व दारें बसवून त्याचे दोन भाग केले. तेवढ्यानेंच तेथल्या मुलींची तक्रार उतरली. ह्या प्रयोगांतून निघतें तें हें, कीं दोष नुसत्या फुटांच्या उंचीचा नव्हता. एका वेळीं किती माणसांनीं एकमेकांना ओळखावें ह्याचा हिशेब आराखड्यांत कोणी धरलाच नव्हता.

काळही फिरला होता. पूर्वीं वसतिगृहांत रात्रीं परतण्याची वेळ ठरलेली असे, गृहमातेची नजर असे. १९६१ सालच्या एका न्यायनिर्णयानें विद्यापीठांचा हा पालकी अधिकार डळमळला, आणि दहा वर्षांत ते निर्बंध बहुतेक ठिकाणीं गळून पडले. सँडर हॉल उघडला त्याच वर्षीं अठरा वर्षांच्या तरुणांना मतदानाचा हक्क मिळाला. जुन्या शिस्तीच्या भरंवशावर कल्पिलेल्या इमारती नव्या स्वातंत्र्याच्या हातीं पडल्या. ज्यांना परवडलें ते मोठे विद्यार्थी आवाराबाहेर बिऱ्हाडें करून गेले, आणि मनोऱ्यांत उरले ते बहुधा नवखे.

उंच वसतिगृह म्हणजे नाशच, असें मात्र नाहीं. इलिनॉय संस्थानांत नॉर्मल नांवाचें गांव आहे. तेथल्या विद्यापीठाचें वॉटर्सन टॉवर्स हें अठ्ठावीस मजल्यांचें वसतिगृह त्याच पिढींतलें, सँडरहून एका मजल्यानें उंचच. आणि तें आजही नांदतें आहे. त्याच्या शिल्पज्ञांनीं त्या मजल्यांचीं दहा घरें पाडलीं, प्रत्येक घराला एकेका जुन्या परराष्ट्रमंत्र्याचें नांव दिलें, आणि लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबवितां कांहीं मजले सोडून थांबविली. उरलेले मजले जिन्यानेंच चढावे उतरावे लागतात. कुरकुर होत असेलच. पण जिना आहे तेथें गांठीभेटीही आहेत.

इतरत्र सुरुंगांचें काम चालूच राहिलें. कॅन्सस विद्यापीठाचें १९६५ सालचें दहा मजली मॅकॉलम हॉल नोव्हेंबर २०१५ मध्यें पाडलें. नेब्रास्कांतील लिंकन येथचीं तेरा मजल्यांचीं कॅथर व पाउंड हीं जुळीं वसतिगृहें डिसेंबर २०१७ मध्यें. सँडर हॉल कोसळला तेव्हां गार्बर हयात होते. त्यांच्या कन्येनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्या स्फोटावरूनच नांव दिलें.

तरी खाटांचा हिशेब संपलेला नाहीं. कॅलिफोर्नियांत सांता बार्बरा येथील विद्यापीठाला चार्ल्स मंगर ह्या कोट्यधीशानें २० कोटी डॉलरांची देणगी देऊं केली. अट एवढीच कीं आराखडा त्याचाच असावा. अकरा मजले, साडेचार हजार विद्यार्थी, आणि झोंपण्याच्या खोल्यांपैकीं शेंकडा ९४ खोल्यांना खिडकीच नाहीं. खोली नकोशी झाली म्हणजे मुलें आपोआप बैठकींत येतील, असा त्याचा युक्तिवाद. ऑक्टोबर २०२१ मध्यें विद्यापीठाच्या सल्लागार शिल्पज्ञांपैकीं डेनिस मॅकफॅडन ह्यांनीं निषेध म्हणून राजीनामा दिला. दोन वर्षें वाद चालला, आणि २०२३ सालीं विद्यापीठानें तो आराखडा बाजूस ठेवून दुसऱ्या शिल्पज्ञांकडून नवे आराखडे मागविले.