सोल्डरिंगमधील दोष

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या निर्मितीत मुद्रित परिपथ फलकावर (पीसीबीवर) सुटे भाग डाख देऊन बसवताना जे सांधे अपुरे, कमकुवत किंवा चुकीच्या जागी जोडलेले राहतात, त्यांना सोल्डरिंगमधील दोष किंवा डाखकामातील दोष म्हणतात. एका फलकावर शेकडो ते हजारो सांधे असू शकतात व त्यांतील एक निकामी झाला तरी संपूर्ण उपकरण बंद पडू शकते. अनेक दोष कारखान्यातील चाचणीत आढळत नाहीत, तर काही महिन्यांच्या वापरानंतर प्रकट होतात. त्यामुळे दोष शोधण्यापेक्षा ते टाळण्यावर उत्पादनात अधिक भर दिला जातो.

## डाख आणि फ्लक्स

पारंपरिक डाखात ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असते आणि तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. वितळलेला डाख तांब्यावर नुसता बसून चालत नाही. कथील व तांबे यांच्या संयुगाचा पातळ थर तयार झाला, तरच सांधा पक्का होतो. तांब्यावरील ऑक्साइड या क्रियेत अडथळा आणते. ते दूर करण्यासाठी फ्लक्स, बहुधा राळ, वापरतात. भांड्याला कल्हई करताना नवसागर टाकण्यामागेही हेच कारण असते. मात्र नवसागरासारखे तीव्र पदार्थ फलकावरील तांब्याच्या बारीक वाहिन्या गंजवतात, म्हणून ते इलेक्ट्रॉनिक कामात वर्ज्य मानले जातात.

## प्रमुख दोष

* शीत सांधा : उष्णता अपुरी पडल्यास डाख पृष्ठभागावर न पसरता गोळ्यासारखा राहतो. डाख गोठत असताना भाग हलल्यास सांधा खडबडीत व कमकुवत होतो.
* ड्राय सोल्डर : पृष्ठभाग अस्वच्छ असल्यास किंवा सांधा वारंवार तापून व थंड होऊन त्यास तडा गेल्यास जोड अधूनमधून तुटतो. जुन्या दूरचित्रवाणी संचांत जड व तापणाऱ्या भागांच्या पायांशी हा दोष नेहमी आढळे.
* सेतू : जास्त डाखामुळे शेजारचे दोन पाय जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होते.
* टूम्बस्टोनिंग : लहान चिप भागाच्या एका टोकाचा डाख आधी वितळल्यास त्याच्या पृष्ठताणाने भाग उभा राहतो.
* पोकळ्या : वितळलेल्या डाखात वायू अडकल्याने होतात. आयसीच्या पोटाखालील सांध्यांतील पोकळ्या क्ष-किरणांनीच दिसतात.
* पॅड सुटणे : अतिउष्णता किंवा जास्त दाब यांमुळे तांब्याचा थर फलकापासून उचलला जातो.

पृष्ठ-जोडणी पद्धतीत जाळीतून सोल्डर पेस्ट छापणे, यंत्राने भाग ठेवणे आणि भट्टीतून फलक नेणे असे टप्पे असतात. यांतील बरेच दोष पेस्ट छपाईच्या टप्प्यावरच उगम पावतात, म्हणून छपाईनंतर लगेच तपासणी करणे फायद्याचे ठरते.

## शिसेविरहित डाख

शिसे विषारी असल्याने युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील त्याच्या वापरावर निर्बंध घातले. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांनी ठरावीक उपकरणांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. शिशाऐवजी प्रामुख्याने कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे यांचा मिश्रधातू वापरतात. तो सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो. भट्टीचे कमाल तापमान त्यामुळे साधारण २३५ ते २५० अंशांवर न्यावे लागते, तर अनेक भागांची सहनमर्यादा २६० अंशांच्या आसपास असते. परिणामी चुकीला वाव कमी उरतो. शिसेविरहित सांधा मुळातच फिकट दिसतो. म्हणून ‘चकाकणारा सांधा तो चांगला’ ही जुनी कसोटी येथे लागू पडत नाही.

## हवामानाचा प्रभाव

हर्सूलसह छत्रपती संभाजीनगर शहराच्या परिसरात उन्हाळा उष्ण व कोरडा असतो आणि पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढते. दोन्ही ऋतूंत जुळणीसाठी वेगळी दक्षता लागते. कोरड्या हवेत स्थिरविद्युत साचून आयसी निकामी होऊ शकतात. यासाठी कारागीर भूसंपर्कित मनगटपट्टा बांधतात. दमट हवेत आयसीचे आवरण ओलावा शोषते. भट्टीत त्याची वाफ होऊन आवरण तडकते. असे भाग हवाबंद पिशवीत ठेवतात व गरज पडल्यास आधी तापवून सुकवतात. सोल्डर पेस्ट शीतकपाटात ठेवली जाते. बाहेर काढल्यावर ती सामान्य तापमानाला येण्यापूर्वी डबा उघडल्यास पेस्टवर दव जमते.

शहरालगत चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात ‘नायलिट’ या केंद्रीय संस्थेचे केंद्र असून तेथे इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण दिले जाते.

## तपासणी व दुरुस्ती

सांध्यांच्या स्वीकारार्हतेसाठी ‘आयपीसी-ए-६१०’ हे मानक जगभर वापरले जाते. उपकरण किती विश्वासार्ह असावे यानुसार त्यात तीन वर्ग केले आहेत. हाताने दुरुस्ती करताना कावियाचे टोक स्वच्छ ठेवून पाय व पॅड दोन्ही एकाच वेळी तापवावे लागतात. साध्या सांध्यास दोन-तीन सेकंद पुरतात. डाख पसरत नसल्यास तापमान वाढवण्याआधी टोकाची स्वच्छता व फ्लक्स तपासणे योग्य ठरते.

## आरोग्य

राळेच्या धुरामुळे कामगारांना दमा होऊ शकतो, म्हणून धूर ओढून घेणारी यंत्रणा आवश्यक असते. शिसे मुख्यतः हातांवाटे पोटात जाते. त्यामुळे कामाच्या जागी खाणे टाळणे आणि कामानंतर हात धुणे महत्त्वाचे आहे.